पहिला बोर्ड

"बंद हाय," कासमचाचा म्हणाले आणि चष्मा काढून सदऱ्याला पुसायला लागले.

हा चौथा बोर्ड होता. माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर होता आणि तो कुणाला मारू असं झालं होतं.

"चाचा, बंद म्हणजे नक्की काय बंद?"

"जवारी. खर्ज हाय, जोड हाय, सगळं हाय. आवाज निघतोय, पण उघडत न्हाई."

"गेल्या वेळी पण हेच म्हणालात."

"गेल्या वेळी पण बंदच हुती की."

"दुसरा मागव, कुंदे," काउंटरमागून अल्ताफ म्हणाला. दर वेळी तो एवढंच म्हणायचा, ना कपाळाला आठी, ना कसली कुरकुर. दुसरा मागव. तिसरा मागव. आता पाचवा. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण रागात असलं की माझी अक्कल गहाण पडते. हे माझी आई सांगायची आणि बरोबर सांगायची.

अल्ताफ म्हणजे कासमचाचांचा मुलगा, शाळेत माझ्याच वर्गातला. मिरजेत तानपुरे करणारी घरं बरीच, पण कासमचाचांचं नाव होतं ते जवारीसाठी. तानपुऱ्याच्या घोडीवरून तारा जातात. त्या घोडीची पाठ कानशीनं केसाएवढी घासायची, तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा आणि तार झंकारत उघडली की थांबायचं. एक घास जास्त झाला की तार मेली. हे कुठल्या मापात बसत नाही, कानानंच करायचं. चाचांचा कान असा, की एकदा रस्त्यावरून जाताजाता माझ्या रेडिओ-स्पीकर दुरुस्तीच्या दुकानात डोकावून म्हणाले, "कुंदा, तुझा तो ट्रान्सफॉर्मर चिडलाय बघ." मी हसले. संध्याकाळपर्यंत ट्रान्सफॉर्मर जळला.

तर चार महिन्यांपूर्वी अल्ताफ माझ्याकडे आला होता. दुकानात एक पेटी हवी म्हणाला. आजवर बनवलेल्या प्रत्येक तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग तिच्यात ठेवायचं, गिऱ्हाईक आलं की फोनवरून निवडायचं आणि स्पीकरवर ऐकवायचं. मी म्हटलं, सोपं आहे. पत्त्याच्या पानाएवढा कॉम्प्युटर मिळतो, त्याच्या डोक्यावर एक बोर्ड चढवायचा. कॉम्प्युटर नुसते आकडे देतो, त्या आकड्यांचा आवाज हा वरचा बोर्ड करतो. सगळी गंमत त्या बोर्डात.

"बोर्ड अब्बाच पास करतील," अल्ताफ म्हणाला होता. "त्यांनी हो म्हटल्याशिवाय बसवायचा नाही."

मला तर आनंदच झाला. अख्ख्या मिरजेत याहून चांगला कान कुठला?

पहिला बोर्ड साधा होता. दोन सॉकेट, बसवला आणि वाजला. मला आवडला, पण चाचा म्हणाले, बंद. दुसरा आणला वेळ मोजणारी स्वतःची दोन क्रिस्टलं असलेला, कारण कॉम्प्युटरच्या घड्याळावर अवलंबून राहिलं की वेळ थरथरते आणि वरचे सूर पुसट होतात असं म्हणतात. बंद. तिसऱ्याला नुसती डिजिटल वाट होती, तिच्यापुढं मी आकड्यांचा आवाज करणारा माझा स्वतःचा, जीव की प्राण असलेला डॅक जोडला. तोही बंद. चौथ्याच्या अंगावरच अँप्लिफायर होता, म्हणजे मधल्या वायरींचीसुद्धा भानगड नाही. त्याचं काय झालं ते सांगितलंच.

प्रत्येक वेळी दुकानात परत येऊन मी पुण्याला फोन लावायचे. तपकीर गल्लीतले किशोरशेठ मला बोर्ड पाठवायचे. गरीब माणूस. त्याला मी काय काय बोलले ते आठवलं की आजही जीभ चावावीशी वाटते. नकली माल विकता म्हटलं. चिपवरचं नाव खरवडून दुसरं छापता म्हटलं. तिसऱ्या बोर्डाच्या वेळी तर, तुमच्या दुकानाला आग लागो, असंही म्हटलं.

चौथ्या बोर्डाच्या दिवशी त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, एक विचारू? रागावू नका."

"रागावलेलीच आहे. विचारा."

"चारही बोर्ड तुम्ही स्वतः ऐकलेत ना? तुम्हाला कसे वाटले?"

"मला काय वाटतं याला महत्त्व नाही. ऐकणारा माणूस कोण आहे तुम्हाला माहीत नाही."

"त्यांचं वय काय?"

"पंचाहत्तर. का?"

"मग ताई, आता बोर्ड बदलू नका. ऐकणारा बदला."

मी फोन आपटला. पुन्हा लावला, आणखी चार शब्द ऐकवायचे राहिले होते ते ऐकवले आणि पुन्हा आपटला. म्हटलं, तपकीर गल्लीत बसून कासमचाचांच्या कानाची लायकी काढतो! याला दाखवतेच.

दाखवायचं म्हणून मी एक उद्योग केला. चाचांच्याच एका तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग घेतलं आणि त्याची दुसरी प्रत काढली. या दुसऱ्या प्रतीतून वरचे सगळे सूर कापून टाकले. चार हजार हर्ट्‌झच्या वरचं काही म्हणून ठेवलं नाही. गोधडीखाली तानपुरा वाजवावा तसा तो आवाज झाला. तानपुरा म्हणजे काय हे माहीत नसलेल्या माणसालाही फरक कळला असता. चाचा पहिल्या झंकाराला तोंड वाकडं करतील, "हे काय आणलंस?" म्हणतील, ते मी फोनवर रेकॉर्ड करीन आणि किशोरशेठला पाठवीन, असा माझा बेत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेटी काखेत मारून गेले. दुकानात धारवाडच्या इंदुमतीबाई बसल्या होत्या. नावाजलेल्या गायिका. त्यांनी तानपुऱ्यांची जोडी सांगितली होती आणि ती न्यायला त्या स्वतः आल्या होत्या. दोन्ही तानपुरे गादीवर आडवे ठेवलेले. बाई चहा घेत होत्या, चाचा समोर आणि अल्ताफ काउंटरशी.

मला बघून अल्ताफचा चेहरा उतरला. "कुंदे, आज नको. उद्या ये."

"दोन मिनिटांचं काम आहे," मी म्हटलं आणि वायरी जोडल्यासुद्धा. फोन रेकॉर्डिंगला लावून खिशात ठेवला. "चाचा, दोन आवाज ऐकवते. कुठला बरा ते सांगा."

"बोर्ड पाचवा काय?"

"तसंच समजा."

आधी पुरा आवाज लावला. मग कापलेला. हा दुसरा लागताच इंदुमतीबाईंनी कप खाली ठेवला आणि पेटीकडे वळून बघितलं. चाचा मान खाली घालून, डोळे मिटून ऐकत होते, अगदी मन लावून.

"पुन्हा लाव."

पुन्हा लावले.

"दोन्ही सारखंच," चाचा म्हणाले. "दोन्ही बंद."

"अहो, सारखं कसं?" इंदुमतीबाई म्हणाल्या. "दुसऱ्यात तर काहीच नाही."

तिथं मी गप्प बसायला हवं होतं. बाई बाहेरगावच्या, गिऱ्हाईक, आणि समोर त्यांची जोडी. एवढं कळायला काय मोठी अक्कल लागत नाही. पण माझ्या डोळ्यांपुढं चार महिने उभे राहिले. ते चार बोर्ड, उसवलेल्या वायरी, किशोरशेठला दिलेल्या शिव्या, सगळं. टाळकं सटकलं.

"बोर्ड बंद नाहीत, चाचा," मी ओरडले. "तुमचे कान बंद झालेत! चार महिने मला नाचवलंत!"

पेटीतला तानपुरा तेवढा वाजत राहिला होता. अल्ताफ पुढं आला, त्यानं वायर उपटली, माझ्या दंडाला धरलं आणि मला मागच्या कारखान्यात ओढत नेलं.

"डोकं फिरलं काय तुझं?" तो दात खाऊन म्हणाला. "तुला काय वाटलं, आम्हाला माहीत नाही?"

"काय माहीत नाही?"

"दोन वर्षं झाली. अब्बांना वरचं काही ऐकू येत नाही. ते घोडी घासतात आणि नमाजला जातात. तेवढ्या वेळात मी घोडी काढतो, नीट करतो आणि परत बसवतो. त्यांना पत्ता नाही. गिऱ्हाइकाला पत्ता नाही. अन तू गिऱ्हाइकासमोर बोंब मारलीस!"

मग हळूहळू एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली.

"मग मला कशाला बोलावलंस? त्यांना ऐकू येत नाही हे माहीत होतं, तर बोर्ड त्यांनी पास करायचा हे कशाला?"

तो जमिनीवरचा भुसा पायानं सारायला लागला.

"अल्त्या, मी काय विचारतेय?"

"धारवाडची जोडी हातात होती," तो खाली बघत म्हणाला. "इतर वेळी मी निस्तरतो, पण तिच्यावर त्यांनी कानस जास्त चालवली असती तर घोडीच वाया गेली असती. त्यांना कशात तरी गुंतवायला पाहिजे होतं. बोर्ड ऐकत बसले की चार दिवस कानशीला हात लावत नव्हते."

"म्हणजे मी खुळखुळा."

"कुंदे, तसं नाही..."

"तसंच आहे! पोर रडायला लागलं की खुळखुळा वाजवायचा! दुसरा मागव, तिसरा मागव! मी तिकडे एका भल्या माणसाच्या दुकानाला आग लागो म्हणत होते आणि तू इथं बापाला खेळवत होतास!"

"हळू बोल."

"का हळू? त्यांना कुठं ऐकू येतंय?"

"एवढं येतंय," मागून चाचा म्हणाले.

ते दारात उभे होते. हातात धारवाडच्या तानपुऱ्याची घोडी. तारा ढिल्या करून काढून आणली होती. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, आता मला हाकलतील. पण ते माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते.

"अल्ताफ, हे वाच."

त्यांच्या कारखान्याची एक रीत होती. जवारी जो लावेल त्यानं घोडीच्या पोटाला पेन्सिलीनं आपलं नाव घालायचं. बाहेरून दिसत नाही. कधी तानपुरा दुरुस्तीला आला, तर कुणाच्या हातचा आहे ते कळावं म्हणून. चाचांचे वडील घालायचे, चाचा घालायचे.

"अब्बा, बाहेर बाई बसल्यात..."

"वाच!"

"कासम," अल्ताफ म्हणाला.

"कुणी लिवलं?"

अल्ताफनं पडद्याकडे बघितलं.

"दोन वर्षं झाली, मी एका बी घोडीला नाव घातलं न्हाई," चाचा म्हणाले. आवाज चढत गेला. "माझ्या कानाचं मला कळत न्हाई व्हय? तार छेडली की पयले आत भिरभिर व्हायची, ती थांबली. त्या दिवसापास्नं एक बी तानपुरा मी पास केला न्हाई. अर्धा घासायचा, घोडीचं पोट कोरं ठेवायचं, 'अल्ताफ, बघ जरा' म्हणायचं आन मशिदीत जाऊन बसायचं. परत आलो की बोट फिरवून बघायचो. घास माझा न्हाई, तुझा. बोटाला कळतंय की मला, बोटं काय भैरी झाल्यात? म्हटलं, पोरगं शिकलं. आता आपलं नाव घालील. तोंडानं न्हाई सांगितलं तर पेन्सिलीनं तरी सांगील. वाट बघत हुतो. आन तू काय केलंस? सोलापूरचा तानपुरा दुरुस्तीला आला, घोडी उलटी केली, तर माझं नाव! माझ्यासारखंच अक्षर काढून! मी मेलो काय रे, माझी सही मारायला?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..." अल्ताफ रडायला लागला होता. पन्नाशीला टेकलेला माणूस.

"वाईट वाटंल! म्हणून चोरी करायची? माझ्या जिवंतपणी माझ्या नावाची?"

त्यांनी भिंतीवरची कानस ओढली, घोडीच्या पोटावरून दोनदा खसाखसा फिरवली आणि स्वतःचं नाव खरवडून काढलं. मग अल्ताफचं मनगट धरून त्याला दुकानात घेऊन गेले. मी मागोमाग गेले. निघून जायचं सुचलं नाही.

इंदुमतीबाई तशाच बसल्या होत्या. सगळं त्यांनी ऐकलं असणारच. दुकान आणि कारखान्याच्या मध्ये नुसता पडदा होता.

"बाई, ही जोडी माझ्या हातची न्हाई," चाचा उभ्यानंच म्हणाले. "ह्येच्या हातची हाय. पायजे तर घ्या, नको तर सोडा."

"मी तुमची जवारी म्हणून सांगितली होती, कासमभाई."

"म्हणून तर सांगालोय."

बाईंनी दुसरा तानपुरा, ज्याची घोडी जागेवर होती तो, मांडीवर उभा घेतला. खुंटी पिळली, सूर नेमका करायला तारेतला मणी सरकवला आणि छेडत राहिल्या. बराच वेळ. अल्ताफ भिंतीला टेकून उभा होता. चाचा बाईंच्या बोटांकडे बघत होते, कारण ऐकण्यासारखं त्यांना त्यात काही उरलं नव्हतं. ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

बाईंनी हात थांबवला. "उघडी आहे," त्या म्हणाल्या. "पण नाव घालून द्या. बिनानावाची मी नेणार नाही."

चाचांनी कानावरची पेन्सिल काढून अल्ताफपुढं धरली.

त्यानं लिहिलं. आधी एकीवर, मग दुसरी घोडी काढून तिच्यावरचं नाव खरवडून तिच्यावरही लिहिलं. अक्षर त्याचं स्वतःचं होतं.

बाई गेल्यावर चाचा माझ्याकडे वळले. मी वायरी गुंडाळत होते.

"कुंदा, चारांतला बरा कुठला हुता?"

"पहिला," मी म्हटलं.

"पयल्याच दिवशी कळलं हुतं?"

"हो."

"मग चार महिने का न्हाई बोललीस?"

"तुम्ही बंद म्हणालात म्हणून! तुमचा कान म्हणजे..."

"मला ऐकू येत नव्हतं," चाचा म्हणाले. "जे ऐकू येत न्हाई ते चांगलं हाय म्हणून मी सांगणार न्हाई, म्हणून बंद म्हणालो. तुला तर ऐकू येत हुतं. तुझ्या कानाला काय झालं हुतं?"

उत्तर नसलं की मला आणखीच राग येतो. मी खाली बसले, पिशवीतून पहिला बोर्ड काढला, पेटी उघडून चौथ्याच्या जागी चढवला, चारही स्क्रू आवळले.

"झालं. बसवला."

"उलटी कर पेटी. नाव घाल." त्यांनी पेन्सिल पुढं केली.

"मला नका शिकवू चाचा," मी म्हटलं. "दोघा बापलेकांनी मिळून मला येडं बनवलंत. वर माझाच कान धरता! माझं नाव-बिव काही घालायचं नाही त्या पेटीला."

पेन्सिल तशीच त्यांच्या हातात ठेवून मी निघून आले.

किशोरशेठची माफी मागितली. ते हसले, म्हणाले, ताई, दुकान अजून शाबूत आहे. पण चाचांकडे काही गेले नाही. चुकून रस्त्यात दिसले की मी पलीकडच्या बाजूनं जायचे. त्यांचं बरोबर होतं, हेच मला सोसत नव्हतं. म्हटलं, राग ओसरला की जाऊ. आमच्या दोन दुकानांत चालत पाच मिनिटांचं अंतर. तेवढं चालायला मला सात वर्षं जमलं नाही. मग चाचा गेले. मी मयतीला गेले तेव्हा त्यांच्या घराबाहेर लांब उभी राहिले, बायकांच्या पाठीमागं, आणि अल्ताफशी न बोलता परत आले.

यंदा फेब्रुवारीत अल्ताफ पेटी घेऊन दुकानात आला. केस पूर्ण पांढरे झालेत. नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्या दुकानाची पायरी चढला.

"चालू होईना झालीय," तो म्हणाला. "बघतीस काय?"

"मेमरी कार्ड गेलं असेल," मी म्हटलं. "एवढी वर्षं टिकलं हेच खूप. बोर्ड ठीक असणार."

स्क्रू काढायला पेटी उलटी केली. माझ्यानंतर कुणी ती उघडली नव्हती, हे स्क्रूंच्या खाचांवरून कळत होतं. पण बूड स्वच्छ होतं. कोरं. एका कोपऱ्यात पेन्सिलीची फक्त एक आडवी रेघ मारलेली होती, शाळेत नाव लिहायला जागा सोडतात तशी.

"ही रेघ कुणी मारली?"

"अब्बांनी. तू गेलीस त्याच दिवशी," अल्ताफ म्हणाला. "मी एकदा म्हटलं, मीच घालतो कुंदाचं नाव, तेवढंच काम संपलं. तर काठी उगारली माझ्यावर. म्हणाले, तुझी खोड गेली न्हाई अजून. तिची तिला घालू दे. येईल ती."

मी कार्ड बदलायला घेतलं नाही. सगळा टेबल धुंडाळला. सोल्डरचे तुकडे, फ्यूज, जळकी रेझिस्टन्सं, सगळं होतं. पेन्सिल तेवढी नव्हती.

अल्ताफनं कानावरची काढून दिली.